सोन्यावरचे चित्र नेमके कोणासाठी होते?

१/
रोमन सुवर्णनाण्यांविषयी समाजमाध्यमांवर एक वाक्य सतत फिरत असते: ही नाणी म्हणजे त्या काळची वृत्तपत्रे, त्यांच्यामुळे सम्राटाचा संदेश साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातील सामान्य माणसापर्यंत पोहोचत असे. वाक्य सुबक आहे आणि लक्षातही राहते. सोन्याच्या बाबतीत मात्र ते बहुतांशी चुकीचे आहे. पुढचा थ्रेड या चुकीविषयी आहे, कारण ती केवळ तपशिलाची चूक नाही. तिच्यामुळे नाण्यावरचे चित्रच उलटे वाचले जाते.

२/
आधी किंमत पाहू या. रोमन सुवर्णनाण्याचे नाव ऑरियस. एका ऑरियसचे २५ डिनॅरियस, म्हणजे चांदीची २५ नाणी. आणि पितळी सेस्टर्शियसमध्ये मोजले तर १००. बायबलमधील द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात मजुराची दिवसाची मजुरी एक डिनॅरियस ठरते. त्या हिशेबाने एक ऑरियस म्हणजे २५ दिवसांचे श्रम, तेही पोटाला काही न खाता. भाजी-भाकरी घेणाऱ्याच्या हाती हे नाणे येणार कसे? आणि आले तरी बाजारात ते मोडून देणार कोण?

३/
मग ते कोणाच्या हाती येत असे? सर्वात आधी सैनिकाच्या. ऑगस्टसच्या काळात लीजनमधील साध्या सैनिकाचे वर्षाचे वेतन २२५ डिनॅरियस होते आणि ते तीन हप्त्यांत मिळे. प्रत्येक हप्ता ७५ डिनॅरियसचा, म्हणजे बरोबर तीन ऑरियस. पुढे डोमिशियनने वेतन वाढवले, तेव्हा चरित्रकार सुएटोनियसने ती वाढ चांदीत मोजली नाही. तीन सुवर्णनाण्यांचा चौथा हप्ता, अशी तिची नोंद त्याने केली. सैनिकाच्या वेतनाची भाषाच सोन्याची होती. (अन्न, कपडे, शस्त्रे यांची कपात झाल्यावर हाती किती उरे, हा वेगळा आणि सैनिकाच्या दृष्टीने अधिक दुःखद विषय.)

४/
सैनिकानंतर त्याचे अधिकारी, करवसुलीचे मक्तेदार, मोठे व्यापारी, सेनेटर. थोडक्यात, सम्राटाला सिंहासनावर बसवू शकणारे आणि तिथून खाली ओढू शकणारे लोक. सोन्यावरचे चित्र प्रथम त्यांच्याशी बोलते. ही बाब एकदा ध्यानात ठेवली की अनेक प्रसिद्ध नाण्यांचा अर्थ बदलतो.

५/
सुरुवातही तशीच झाली होती. रोमन प्रजासत्ताकात सोन्याची नाणी क्वचितच, संकटसमयी किंवा युद्धखर्चासाठी, पाडली जात. इ.स.पू. ४६ मध्ये ज्युलियस सीझरने चार विजययात्रा काढल्या आणि सैनिकांना भरघोस बक्षिसे वाटली. त्याच वर्षी औलस हिर्टियसच्या नावाने ऑरियस प्रचंड संख्येने निघाले. एका रोमन पौंडात ४०, म्हणजे प्रत्येकी सुमारे ८ ग्रॅम. त्यांच्यावर एका बाजूला मस्तकावर पदर घेतलेली स्त्री आणि दुसरीकडे पुरोहिताची उपकरणे आहेत. ज्या नाण्याने पुढे तीन शतके साम्राज्याच्या तिजोरीचा भार उचलला, त्याचा पहिला मोठा वापर लष्कराचे ऋण फेडण्यासाठी झाला.

६/
इतिहासप्रेमींच्या भिंतींवर सर्वाधिक झळकणारे नाणे म्हणजे ब्रुटसचे ‘इद मार’. ‘मार्चच्या इद’चा, म्हणजे १५ मार्चचा, तो संक्षेप, सीझरच्या हत्येचा दिवस. मागच्या बाजूस दोन खंजीर आणि त्यांच्यामध्ये पिलेउस, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामाला घालण्यात येणारी टोपी. अर्थ उघड आहे: खंजिरांनी रोमला मुक्त केले. इतिहासकार कॅशियस डिओने या नाण्यावरच्या टोपीचे आणि खंजिरांचे वर्णन केले आहे. प्राचीन लेखकाने एखाद्या नाण्याच्या छापाची इतकी स्पष्ट दखल घेणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

७/
या नाण्याला ‘स्वातंत्र्याचा जाहीरनामा’ म्हणण्याची प्रथा आहे. त्यात थोडी सबुरी हवी. ते रोममध्ये पाडलेलेच नाही. इ.स.पू. ४२ मध्ये ब्रुटसच्या छावणीबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत ते निघाले, आणि काही काळातच फिलिपाय येथे त्याचा पराभव आणि मृत्यू झाला. नाणे ज्यांच्या हाती पडले ते त्याचे स्वतःचे सैनिक होते. सीझरच्या वारसांनी उद्या जास्त मोल देऊ केले तर ते पलीकडे जातील, ही भीती त्याला होती.

शिवाय दर्शनी बाजूस कोण आहे? खुद्द ब्रुटस. जिवंत माणसाचा चेहरा रोमच्या नाण्यावर आणणे हे सीझरच्या उद्दामपणाचे लक्षण मानले गेले होते. त्याचा वध करणाऱ्याने तीन वर्षांच्या आत स्वतःचा चेहरा सोन्यावर उमटवला. जाहीरनाम्यापेक्षा हे नाणे पगाराची पावती म्हणून वाचले तर ब्रुटसविषयी अधिक खरे कळते.

८/
ती टोपी पुढे पुन्हा दिसते, आणि तिथे धातूंमधला फरक लख्ख होतो.

इ.स. ४१. कॅलिगुलाचा खून झाला. सेनेट प्रजासत्ताक परत आणण्याची चर्चा करीत असताना प्रेटोरियन रक्षकांनी क्लॉडियसला आपल्या छावणीत नेले आणि सम्राट म्हणून घोषित केले. त्याने प्रत्येक रक्षकाला १५,००० सेस्टर्शियस देण्याचे वचन दिले. म्हणजे माणशी १५० ऑरियस. त्या काळच्या हिशेबाने साधारण पाच वर्षांचा पगार. सैनिकांची निष्ठा पैसे देऊन विकत घेणारा हा पहिला सीझर, असा शेरा सुएटोनियसने मारला आहे.

९/
क्लॉडियसच्या सोन्याचांदीच्या नाण्यांवर काय आहे? एकावर प्रेटोरियन छावणीची तटबंदी आणि ‘सम्राटाचा स्वीकार झाला’ अशा अर्थाचा लेख. त्याच्या जोडीच्या नाण्यावर सम्राट आणि रक्षकांचा निशाणधारी हात मिळवीत आहेत. लेखाचा अर्थ ‘रक्षकांचा स्वीकार झाला’. त्यांनी याला स्वीकारले, याने त्यांना. व्यवहार दोन छापांत पूर्ण झाला.

आणि त्याच सम्राटाच्या तांब्यापितळेवर? तिथे छावणी नाही. तिथे देवी लिबर्टास, म्हणजे स्वातंत्र्य, उभी आहे आणि तिच्या हाती ब्रुटसच्या नाण्यावरची तीच पिलेउस टोपी आहे. कुठे आशेची देवता आहे, कुठे धान्याची.

१०/
बाजारात तांबे मोजणाऱ्याला स्वातंत्र्य दाखवले गेले. सोने घेणाऱ्याला, ज्याने त्या स्वातंत्र्याचा निकाल लावला होता त्याला, त्याचीच छावणी. तांबे आणि सोने शेजारी ठेवल्याशिवाय ही लबाडी दिसत नाही. समाजमाध्यमांवर मात्र सोन्याचे छायाचित्र एकटेच फिरते, कारण ते चमकते.

११/
इथे एक जुना वाद सांगायला हवा. १९५६ साली इतिहासकार ए. एच. एम. जोन्स यांनी नाणकतज्ज्ञांना चिमटा काढला: नाण्यांवरचे छाप लोक आजच्या टपाल तिकिटांइतपतच पाहत असावेत, त्यांवर साम्राज्याच्या राजकारणाचे इमले रचू नयेत. सी. एच. व्ही. सदरलँड यांनी त्याला उत्तर दिले. पुढे बार्बरा लेविक यांनी तिसरीच दिशा दाखवली: हे छाप प्रजेसाठी नसून सम्राटाला खूश करण्यासाठी, टांकसाळीच्या अधिकाऱ्यांनी वाहिलेली स्तुतिसुमने असतील.

जोन्स यांचा चिमटा आवश्यक होता, पण ‘लोक’ हा शब्द त्यांनीही सरसकट वापरला. टपाल तिकीट सर्वांच्या हाती पडते. ऑरियस तसे पडत नव्हते.

१२/
सोन्याचे चित्र किती बारकाईने ठरवले जात असे, याचा उत्तम दाखला नीरो आणि त्याची आई अग्रिपिना यांच्या नाण्यांत मिळतो. इ.स. ५४ च्या अखेरीस नीरो वयाच्या सोळाव्या वर्षी सम्राट झाला. त्या पहिल्या ऑरियसवर आई आणि मुलगा समोरासमोर, नाकासमोर नाक अशा स्थितीत आहेत. दोन्ही चेहरे एकाच आकाराचे. नीट पाहिले तर दर्शनी बाजूचा लेख आईचा आहे: अग्रिपिना ऑगस्टा, दिव्य क्लॉडियसची पत्नी, नीरोची माता. सम्राटाच्या पदव्या मागच्या बाजूस, ओकच्या पानांच्या माळेभोवती. नाणे सम्राटाचे, पण दर्शनी भागाची मालकीण आई.

१३/
इ.स. ५५ मध्ये छाप बदलला. आता दोघे एकाच दिशेला पाहतात, चेहऱ्यावर चेहरा ठेवल्यासारखे. पुढे नीरो, त्याच्या मागे आईची कड तेवढी दिसते. लेखांचीही अदलाबदल झाली: नीरो दर्शनी बाजूस आला आणि अग्रिपिनाची नावे मागे, हत्तींच्या रथाभोवती गेली. त्यानंतर ती नाण्यांवरून नाहीशीच होते. इ.स. ५९ मध्ये नीरोने तिचा खून करविला.

चार वर्षे आधी सोन्याला कळले होते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण सोन्याला भविष्य कळत नाही. राजवाड्यात कोणाचे वजन किती, हे मात्र त्यावर नोंदले जाते.

१४/
आणि हे कोणाला सांगायचे होते? नीरोने राज्यारोहणाच्या पहिल्याच दिवशी रक्षकांना दिलेला परवलीचा शब्द होता ‘सर्वोत्तम माता’. क्लॉडियसच्या पायंड्याप्रमाणे त्याने त्यांना बक्षिसाचे वचनही दिले होते. ते रक्षक अग्रिपिनाला सेनानी जर्मनिकसची मुलगी म्हणून ओळखत होते. कोवळ्या नीरोची हमी म्हणजे ती. हमीची गरज संपली तसा चेहरा मागे सरकला. ज्या हातांनी दोन्ही नाणी लागोपाठ मोजली, त्यांना बदल समजला नसेल असे मानणे कठीण आहे.

१५/
हा नियम नव्हे, कल आहे. एवढे मान्य केले पाहिजे. व्हेस्पेशियनचा ‘ज्यूडिया जिंकला’ हा छाप सोने, चांदी, तांबे अशा सर्व धातूंवर येतो. ट्रेजनच्या इटलीतील गरीब मुलांसाठीच्या निधीचा गौरवही तसाच. विजय आणि दानधर्म सर्वांनाच ऐकवता येतात. खासगी सौदे मात्र बहुधा मौल्यवान धातूत दिसतात.

१६/
याच कसोटीवर कॉन्स्टंटाइन पाहा. शालेय इतिहासात तो इ.स. ३१२ च्या मिल्व्हियन पुलाच्या लढाईनंतर ख्रिस्ताकडे वळतो. त्यानंतर, ३१३ मध्ये, टिसिनम (आजचे पाविया) येथे पाडलेले एक भव्य सुवर्णपदक पॅरिसमध्ये जतन केले आहे. त्यावर कॉन्स्टंटाइनच्या चेहऱ्यालगत दुसरा चेहरा आहे: सूर्यदेव सोल, डोक्यावर किरणांचा मुकुट. सम्राट आणि सूर्य जुळ्या भावांसारखे. अशी पदके चलनात फिरत नसत. ती बड्या अधिकाऱ्यांना भेट म्हणून मिळत.

कॉन्स्टंटाइन ढोंगी होता, असा निष्कर्ष इथून काढण्याची घाई अनेक जण करतात. पदकाला तेवढे पेलवत नाही. त्याच्या सेनाधिकाऱ्यांना सूर्य ओळखीचा आणि प्रिय होता, एवढे ते खात्रीने सांगते.

१७/
पुढे त्याच्या सुवर्णनाण्यांवर चेहरा वर, आकाशाकडे पाहू लागतो. चरित्रकार युसीबियसने त्याचा अर्थ लावला: सम्राट देवाची प्रार्थना करीत आहे. पण मान वर करून पाहणारा राजा हे अलेक्झांडरच्या काळापासूनचे जुने चित्र होते. ख्रिस्ती बिशपला त्यात प्रार्थना दिसली, जुन्या सरदाराला अलेक्झांडर दिसला असेल. तोवर ऑरियसची जागा सॉलिडसने घेतली होती: एका पौंडात ७२, सुमारे साडेचार ग्रॅम. हे वजन पुढे अनेक शतके टिकले.

१८/
आता साम्राज्याच्या सीमेपलीकडे. प्लिनीची तक्रार सर्वपरिचित आहे: भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी रोमचे १० कोटी सेस्टर्शियस ओढून नेतात. सोन्यात मोजले तर १० लाख ऑरियस. आकडा नीतिवाद्याचा आहे, हिशेबनिसाचा नव्हे. तरी सोने येत होते याला जमीनच साक्षी आहे.

१८९८ मध्ये तमिळनाडूतील पुदुकोट्टई येथे ५०१ ऑरियसचा साठा सापडला. ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतची नाणी. त्यांपैकी बहुतेकांवर छिन्नीचा एक खोल घाव आहे, आणि तो नेमका सम्राटाच्या चेहऱ्यावर.

१९/
हा घाव पाहून ‘भारतीयांनी रोमन सम्राटाचा अपमान केला’ असे लिहिणारे भेटतात. रोममध्ये चेहरा खोडणे हा खरोखरच राजकीय दंड होता. कॅराकॅलाने इ.स. २११ मध्ये भाऊ गेटाला मारले, त्याची नाणी वितळवायला लावली असे डिओ सांगतो; आशिया मायनरमधील स्ट्रॅटोनिकिया शहरात तर तांब्याच्या नाण्यांवरून गेटाचा चेहरा घासून काढला गेला. सोन्यावरचा गेटा मात्र आजही बऱ्याच संग्रहांत सुखरूप आहे. हुकूम कोणाच्या थैलीपर्यंत पोहोचतो आणि कुठे थांबतो, तेही यावरून दिसते.

पुदुकोट्टईचा घाव वेगळ्या जगातला आहे. आत हलका धातू नाही ना, याची ती परीक्षा असेल. किंवा ‘हे आता चलन नव्हे, केवळ सोने’ अशी खूण असेल. अभ्यासकांत एकमत नाही. टायबेरियसविषयी राग मात्र या यादीत नाही. त्याच्याशी तिथल्या कोणाचे काही देणेघेणे नव्हते.

२०/
उत्तरेकडे त्याच सोन्याचे तिसरेच काही झाले. जलालाबादजवळच्या अहिनपोश स्तूपात कुषाण राजांच्या सुवर्णनाण्यांसोबत डोमिशियन, ट्रेजन आणि राणी सबिना यांचे ऑरियस पुरलेले मिळाले. चेहरे तेच, भूमिका बौद्ध दानाची. शब्दही आला: डिनॅरियसवरून संस्कृतात ‘दीनार’ झाला आणि गुप्तांच्या लेखांत तो सुवर्णनाण्याचे नाव म्हणून येतो. (मराठीतल्या ‘दामा’चे मूळ मात्र ग्रीक द्राख्मात.)

दख्खनमध्ये तर तेलंगणातील कोंडापूर, आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर अशा ठिकाणी रोमन नाण्यांच्या छापाच्या मातीच्या मुद्रा मिळतात, गळ्यात ओवता येतील अशा. सम्राटाचे सोने परवडत नव्हते त्यांनी त्याचा चेहरा मातीत घेतला. सम्राट कोण, याने त्यांना काय फरक पडत होता? दागिना सुंदर होता.

२१/
एका छापाचा प्रवास पुरेसा बोलका आहे. ऑगस्टसने आपले दत्तक वारस गायस आणि लुसियस यांना लुग्दुनम (आजचे लियाँ) येथे पाडलेल्या सोन्याचांदीवर आणले: दोन तरुण उभे, मध्ये ढाली आणि भाले. लुसियस इ.स. २ मध्ये वारला, गायस ४ मध्ये. वारसाहक्काची योजना संपली; नाणी फिरतच राहिली.

२०१६ मध्ये जर्मनीतील काल्क्रीझ येथे, इ.स. ९ मध्ये व्हारसची तीन लीजन जिथे नष्ट झाली असे मानले जाते त्या रणभूमीवर, या छापाचे आठ ऑरियस सापडले. कोणा अधिकाऱ्याची थैली असावी. हाच छाप दक्षिण भारतातील साठ्यांत मुबलक सापडतो, मुख्यतः चांदीत. एकीकडे तो मरणाऱ्या सैन्याच्या कमरेला होता, दुसरीकडे मिरीच्या मोबदल्यात तराजूवर. चित्र एकच. दोन्ही ठिकाणचा अर्थ चित्राने नव्हे, मातीने सांगितला.

२२/
म्हणूनच लिलावांचा प्रश्न केवळ श्रीमंतांच्या छंदाचा नाही. सोन्याचे ‘इद मार’ आजवर जेमतेम तीनच ज्ञात आहेत. त्यांपैकी एकाला भोक पाडलेले आहे. कोणीतरी ते गळ्यात घातले होते. दुसरे एक ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या लिलावात ४० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. प्राचीन नाण्यासाठी तोवर इतकी रक्कम कोणी मोजली नव्हती. जगभर त्याची छायाचित्रे फिरली, मराठी पानांवरही. नंतर त्याच्या मालकीची जोडलेली कागदपत्रे खोटी ठरली. ते ग्रीसमधून बेकायदा बाहेर नेले गेले होते, असा तपासाचा निष्कर्ष निघाला.

२३/
मार्च २०२३ मध्ये ते नाणे ग्रीसला परत मिळाले. खंजीर, टोपी, ब्रुटसचा चेहरा, सारे शाबूत. ते जमिनीत एकटे होते की पगाराच्या थैलीत, शेजारी कोणती नाणी होती, एखाद्या सैनिकाची हाडे होती की नुसते शेत, याची नोंद खणणाऱ्याने ठेवली नाही. ती नोंद लिलावाच्या सूचीत कधीच नव्हती, आणि बोली लावणाऱ्यांनी ती मागितलीही नव्हती.